डोंगल तपासलं की नेटवर्क बंद: जुन्या ४८६वरच्या एका आयएसए कार्डाचं प्रकरण

गॅस क्रोमॅटोग्राफला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) जोडलेला एक ४८६ संगणक, त्यावर डॉस ६.२२, आणि मोजमापाच्या फाइल्स नेटवर्कवरून बाहेर काढायच्या. काम एवढंच. नेटवर्क कार्ड बसवलेलं होतं, ड्रायव्हर लोड होत होता, पिंगला (‘आहेस का?’ अशा चाचणी-संदेशाला) उत्तर येत होतं. पण मोजमापाचा प्रोग्राम एकदा उघडून बंद केला की नेटवर्क मेलेलं असायचं, आणि रीबूट केल्याशिवाय ते उठत नसे. प्रकरण माझ्याकडे आलं तोवर केबल, स्विच आणि खुद्द कार्डही बदलून झालं होतं. लक्षण जसंच्या तसं.

(पोर्ट म्हणजे प्रोग्रामने कार्डाशी बोलायचे क्रमांकित पत्ते. पुढे आलेले पोर्टचे आणि मेमरीचे पत्ते, पोर्टमधून वाचलेल्या किमती आणि ६०, ७२ असे इंटरप्टचे क्रमांक सगळे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर आहेत. आयआरक्यूचे आकडे मात्र साधे दशमान.)

यंत्रणा

हा संगणक अजून ठेवलाय याला कारण आहे. क्रोमॅटोग्राफचा ॲनालॉग सिग्नल एका आयएसए (जुन्या पीसींमधल्या स्लॉटच्या) कार्डावर येतो, प्रोग्राम त्या कार्डाच्या पोर्टशी थेट बोलतो, आणि प्रोग्रामच्या परवान्याचं डोंगल (ज्याच्याशिवाय प्रोग्राम चालत नाही ती छोटी डबी) मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं आहे. नव्या संगणकात आयएसए स्लॉट नाही. यूएसबीला लावायचा प्रिंटर-कन्व्हर्टर आणला तरी त्याला ३७८ हा पत्ता नसतो, त्यामुळे पोर्टमध्ये थेट हात घालणाऱ्या डॉस प्रोग्रामला डोंगल दिसतच नाही. यंत्र ठणठणीत आहे, मोजमाप बरोबर येतं, मग संगणक जपण्याशिवाय इलाज नाही.

आजवर फाइल्स फ्लॉपीवरून जायच्या. ड्राइव्ह कुरकुरायला लागला तेव्हा नेटवर्कचा विचार झाला. फ्लॉपी एम्युलेटर बसवून यूएसबी स्टिकवर फाइल्स घेणं हाही मार्ग होता, आणि पुष्कळ ठिकाणी मी तोच सुचवतो. इथे मात्र नमुन्यांच्या एकाच मालिकेत दर थोड्या वेळाने फाइल पुढच्या टेबलावर पोचायला हवी होती. दर वेळी उठून स्टिक काढणं कुणाला नको होतं.

सॉफ्टवेअरची निवड आधीच झालेली होती आणि ती चांगली होती. मायक्रोसॉफ्टचा डॉससाठीचा नेटवर्क क्लायंट घेतला असता तर पारंपरिक मेमरीचा मोठा तुकडा गेला असता, आणि समोर एसएमबीची (विंडोजच्या फाइल-देवघेवीच्या भाषेची) पहिली आवृत्ती बोलणारा सर्व्हर लागला असता. विंडोज १०च्या २०१७मधल्या १७०९ आवृत्तीपासून ती सहसा मुळात बसवलेलीच नसते, आणि मुद्दाम चालू करावी अशीही ती नव्हे. त्याऐवजी पॅकेट ड्रायव्हर आणि त्यावर एमटीसीपी या डॉससाठीच्या टीसीपी/आयपी संचाचे प्रोग्राम वापरले होते. पॅकेट ड्रायव्हर म्हणजे मेमरीत थोडीशी जागा घेऊन बसणारा छोटा प्रोग्राम. तो ६० ते ८० मधला एक सॉफ्टवेअर इंटरप्ट (इतर प्रोग्रामांनी हाक मारायचा क्रमांक) धरतो आणि जो कुणी हाक मारेल त्याला इथरनेटच्या फ्रेम्स देतो-घेतो. टीसीपी/आयपी त्याच्या गावीही नसतं, ते प्रत्येक प्रोग्राम स्वतःबरोबर आणतो. म्हणून असा डॉस संगणक नुसता प्रॉम्प्टवर उभा असेल तर बाहेरून केलेल्या पिंगला उत्तर देत नाही, आणि त्यात बिघाड काही नसतो. हे माहीत नसलेली माणसं इथेच निम्मा दिवस घालवतात.

कार्ड होतं आरटीएल८०१९एएस चिपचं, म्हणजे एनई२००० सुसंगत. नॉव्हेलने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणलेल्या एनई२००० कार्डाची नक्कल इतक्या जणांनी केली की आयएसएच्या जगात ‘एनई२०००’ हे जवळपास सामान्यनामच होऊन बसलं. मूळ कार्डात नॅशनल सेमीकंडक्टरची डीपी८३९० चिप होती. नकलांमधल्या चिपा वेगळ्या असल्या तरी त्यांची रजिस्टरं (आज्ञा लिहायच्या आणि अवस्था वाचायच्या जागा) तिच्याच वळणाची असतात. या कार्डावर जंपर नव्हते. पत्ता आणि आयआरक्यू (कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची ओळ) एका छोट्या ९३सी४६ ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या चिपमध्ये लिहिलेले, आणि ते बदलायला आरएसईटी८०१९ हा डॉस प्रोग्राम.

३०० हा पत्ता ॲनालॉग कार्डाने घेतलेला होता. यात नवल नाही. आयबीएमने मूळ पीसीच्या नकाशात ३०० ते ३१एफ हा पट्टा प्रोटोटाइप कार्डांसाठी राखून ठेवला होता. त्यामुळे पुढे ज्याला ज्याला कार्ड काढायचं होतं तो तो तिथेच उतरला. म्हणून नेटवर्क कार्ड ३६०वर गेलं, आयआरक्यू १०. ऑटोएक्झेकमधल्या (बूट होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमधल्या) ओळीत ड्रायव्हरच्या नावापुढे सॉफ्टवेअर इंटरप्ट ६०, आयआरक्यू १०, पत्ता ३६०. हेक्स आकड्यांपुढे शून्य-एक्स लावलेलं होतं. ते विसरलं तर हा ड्रायव्हर ३६० ला सरळ दशमान आकडा समजतो. इथे ती चूक नव्हती.

आधी काय करून झालं होतं

संशय पहिल्यापासून आयआरक्यूवर होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. बिघडलेल्या स्थितीत दुसऱ्या संगणकावर टीसीपीडंप (नेटवर्कवरची रहदारी दाखवणारा प्रोग्राम) लावून पाहिलं तर ४८६कडून एआरपीच्या विनंत्या (‘या आयपीचं कार्ड कुठलं?’ अशी विचारणा) येताना दिसत होत्या. त्यांना उत्तरंही जात होती. ४८६वर मात्र काहीच पोचत नव्हतं. पॅकेट ड्रायव्हरच्या संचातल्या पीकेटीस्टॅटमध्ये बाहेर गेलेल्यांचा आकडा वाढत होता, आत आलेल्यांचा जागचा हलत नव्हता. हे आयआरक्यू चुकल्याचं पुस्तकी लक्षण आहे: पाठवण्याचं काम ड्रायव्हर स्वतः पुढाकार घेऊन करतो, आलेली फ्रेम उचलायला मात्र त्याला कार्डाने इंटरप्ट देऊन उठवावं लागतं.

म्हणून आयआरक्यू १० वरून ११ केला, मग ५ केला. ५ वर दुसरं काही नव्हतं, तरी लक्षण तेच. मग कार्ड बदललं. नवं कार्डही त्याच चिपचं, आणि ‘आधीच्यासारखंच’ म्हणून त्यालाही ३६० दिलं. मग स्विचवर संशय: नवे स्विच १० मेगाबिटशी नीट जमवून घेत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. हे म्हणणं सरसकट खोटं नाही, काही नव्या स्विचांना १० मेगाबिट खरोखरच येत नाही. पण ज्या स्विचवर बूटनंतर लगेच पिंग होतं, तो प्रोग्राम बंद केल्यावर १० मेगाबिट विसरेल हे पटण्यासारखं नाही. कॉन्फिगमध्ये ईएमएम३८६च्या (डॉसच्या मेमरी-व्यवस्थापकाच्या) ओळीत डी०००पासूनचा भाग वगळायची सूचनाही कुणी तरी घालून ठेवली होती. ती सामायिक मेमरी वापरणाऱ्या कार्डांना लागते. एनई२००० आपली १६ किलोबाइटची मेमरी संगणकाच्या पत्त्यांत मांडतच नाही, सगळा व्यवहार पोर्टमधून करतं. त्यामुळे बूट रॉम नसेल तर तिथे वगळण्यासारखं काही नसतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वापरणाऱ्यांनी आपला मार्ग शोधला होता: फाइल पाठवायची तर आधी रीबूट. पण रीबूट केलं की मालिकेची मांडणी आणि बेसलाइन पुन्हा करावी लागे. प्रोग्राममध्ये तात्पुरतं डॉसवर जायची सोय आहे. तिथून फाइल पाठवून परत मालिकेत यायचं, हे मूळ अपेक्षित होतं.

‘ड्रायव्हर लोड झाला’ याचा अर्थ

सगळ्यांचा भरवसा एका गोष्टीवर होता: ड्रायव्हर लोड होताना कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बरोबर दाखवतो, तेव्हा पोर्टचा पत्ता तरी ठीक आहे.

मॅक पत्ता दिसणं म्हणजे त्या क्षणी ड्रायव्हरला कार्डाचं रजिस्टर वाचता आलं आणि छोट्या प्रॉममधले बाइट हाती आले. १६ बिट कार्डात त्या बाइट्सच्या शेवटी ५७ ५७ अशी खूण असते, तीही जुळली असेल. या वाचनात इंटरप्टचा संबंध येत नाही, म्हणून आयआरक्यू साफ चुकीचा असला तरी मॅक पत्ता दिसतो. आणि तो दिसला म्हणून कार्डाच्या बाकीच्या पोर्टवर दुसरं कुणी बसलेलं नाही, हेही सिद्ध होत नाही. ड्रायव्हर सुरुवातीचे काही पत्ते तपासतो. शेजारी कोण राहतं हे तो विचारत नाही आणि डॉसही विचारत नाही. विंडोज ९५च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अशा भांडणावर निदान पिवळं चिन्ह यायची शक्यता होती. डॉसमध्ये पोर्टची नोंदवही ठेवणारं कुणी नसतं. एमएसडी हा निदानाचा प्रोग्राम प्रिंटर पोर्टचा पत्ता सांगतो, आयआरक्यूंची यादी देतो, पण असल्या कार्डाने कुठून कुठवर जागा घेतली आहे ते सांगत नाही.

दोन शक्यता आणि त्यांची परीक्षा

मी पहिल्यांदा पाहिलं ते बिघाड नेमका कशाने होतो. मोजमाप करायची गरजच नव्हती. प्रोग्राम उघडून लगेच बंद केला तरी नेटवर्क गेलं. म्हणजे ॲनालॉग कार्डाचं दीर्घ वाचन, डीएमए, मेमरीची टंचाई या सगळ्या गोष्टी मागे पडल्या. प्रोग्राम सुरू होताना जे करतो त्यातच काहीतरी होतं.

नंतरची परीक्षा मला सगळ्यात बोलकी वाटली. बिघाड झाल्यावर रीबूट न करता टर्मिन या प्रोग्रामने पॅकेट ड्रायव्हर मेमरीतून काढला आणि तीच ओळ टाइप करून पुन्हा लोड केला. नेटवर्क परत आलं. आयआरक्यू चुकला असता तर तोच आकडा पुन्हा देऊन काही फरक पडायला नको होता. म्हणजे ओळीतले आकडे बरोबर आहेत, कार्ड शाबूत आहे, आणि ड्रायव्हरने सुरुवातीला मांडून ठेवलेली कुठली तरी स्थिती मधेच कुणीतरी पुसून टाकतंय.

पुसली जाऊ शकते अशी स्थिती दोन ठिकाणी असते: संगणकाच्या इंटरप्ट व्यवस्थेत किंवा कार्डाच्या आत.

पहिली शक्यता आधी तपासली, कारण ती स्वस्त होती. मोजमापाचे जुने प्रोग्राम इंटरप्ट कंट्रोलरच्या मास्कशी (कुठले आयआरक्यू अडवायचे ते ठरवणाऱ्या बिटांशी) खेळतात आणि जाताना तो जसाच्या तसा ठेवत नाहीत, हे पुष्कळदा पाहिलेलं आहे. आयआरक्यू १० दुसऱ्या कंट्रोलरवर येतो आणि त्याचा मास्क ए१ पोर्टमध्ये असतो, तिसरा बिट आपला. डॉसबरोबर येणाऱ्या डीबगमध्ये ‘आय ए१’ असं टाइप केलं की तो बाइट दिसतो. आयआरक्यू १०चा व्हेक्टर (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं तो पत्ता) म्हणजे इंटरप्ट ७२, तो मेमरीत शून्य सेगमेंटच्या १सी८वर चार बाइटमध्ये असतो. प्रोग्रामच्या आधी आणि नंतर दोन्ही ठिकाणं पाहिली. मास्क तोच, व्हेक्टर तोच. संगणकाच्या बाजूने दार उघडं होतं, कार्डाकडून कुणी ठोठावत नव्हतं.

मग कार्डाच्या आत. या घराण्याच्या चिपमध्ये पहिल्याच पत्त्यावर कमांड रजिस्टर असतं. चालू स्थितीत ते वाचलं तर २२ मिळतात, म्हणजे चिप सुरू आहे. रीसेट झाल्यावर २१, म्हणजे थांबलेली. सात पत्ते पुढे इंटरप्ट स्टेटस असतं, त्यातला सगळ्यात वरचा बिट, ८०, रीसेटचा. बूटनंतर डीबगमध्ये ३६० वाचलं: २२. प्रोग्राम उघडून बंद केला, आणि पिंग वगैरे काहीही न करता पुन्हा वाचलं: २१. ३६७ वाचलं, तर ८०चा बिट चढलेला.

कार्ड रीसेट झालं होतं, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ता नव्हता.

‘काहीही न करता’ हे महत्त्वाचं होतं. एकदा पिंग करून मग ३६० वाचलं तर पुन्हा २२ दिसत होते. कारण हा ड्रायव्हर फ्रेम कार्डावर चढवताना कमांड रजिस्टरमध्ये ‘सुरू’ची आज्ञा लिहून मोकळा होतो. चिप परत चालू होते, फ्रेम बाहेर जाते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कार्ड धडधाकट वाटतं. पण रीसेटमध्ये चिपचं स्वतःचं इंटरप्ट मास्क रजिस्टर पूर्ण शून्य झालेलं असतं. ते फक्त ड्रायव्हर लोड होतानाच भरलं जातं. त्यामुळे फ्रेम आली तरी कार्ड इंटरप्ट देत नाही. जातं सगळं, येत काहीच नाही: हुबेहूब आयआरक्यूचा बिघाड. आधीच्या मंडळींनी आयआरक्यूचा पिच्छा पुरवला यात त्यांचा दोष काढता येत नाही. लक्षणच तसं होतं.

३२ पोर्टांचा पट्टा

आता प्रश्न उरला, कार्डाला रीसेट कोण करतंय. ॲनालॉग कार्ड ३०० ते ३०एफ, म्हणजे बरंच लांब. पण नेटवर्क कार्ड ३६०वर ‘आहे’ असं म्हणताना आपण त्याच्या पट्ट्याची फक्त सुरुवात सांगत असतो. एनई२००० सलग ३२ पोर्ट घेतं. पहिल्या १६ वर चिपची रजिस्टरं, पुढच्या आठांवर डेटाचं पोर्ट, आणि शेवटच्या आठांवर रीसेट. या शेवटच्या आठांपैकी कुठलाही पत्ता वाचला की कार्ड रीसेट होतं. ड्रायव्हर स्वतः लोड होताना सर्वांत शेवटचा पत्ता वाचून हेच करतो.

३६०पासून मोजा. रजिस्टरं ३६० ते ३६एफ. डेटा ३७० ते ३७७. रीसेट ३७८ ते ३७एफ.

आणि पहिला प्रिंटर पोर्ट ३७८ ते ३७ए. डोंगल तिथे. प्रोग्राम उघडताच पहिलं काम करतो ते डोंगल आहे का पाहण्याचं, म्हणजे ३७८वर काही बिट पाठवायचे आणि ३७९वर उत्तर वाचायचं. त्या प्रत्येक वाचनासरशी नेटवर्क कार्ड ‘मला रीसेट सांगितलंय’ असं समजत होतं. प्रिंटर पोर्ट आपलं उत्तर देत होता, डोंगल सापडत होतं, प्रोग्राम विनातक्रार चालत होता. म्हणून त्या बाजूला कुणी पाहिलंच नाही.

खात्री करायला प्रोग्रामचीही गरज नव्हती. नव्याने बूट केलं. डीबगमध्ये ‘डी ४०:८’ टाइप केलं: बायॉसने तिथे ७८ ०३ लिहून ठेवलेलं, म्हणजे प्रिंटर पोर्ट खरोखर ३७८वरच आहे. बाहेर येऊन पिंग केलं, उत्तरं आली. पुन्हा डीबग, ‘आय ३७९’, एक बाइट वाचला, बाहेर. पिंग: वेळ संपली, उत्तर नाही. ड्रायव्हर काढून परत लोड केला, पिंग सुरू. मग तसंच ‘आय ३५९’ करून पाहिलं, काही झालं नाही. ३७९चा एक बाइट वाचला की नेटवर्क जातं, कार्डाच्या पट्ट्याबाहेरचं वाचलं तर जात नाही. डोंगल काढून ठेवून एक छोटी मजकूर फाइल एलपीटी१ला पाठवली तरी तोच परिणाम, कारण छापण्याआधी बायॉस प्रिंटरची अवस्था ३७९मधूनच वाचतो.

डीबगने असं वाचताना एक पथ्य पाळावं: ज्या पोर्टवर काय आहे ते माहीत नाही तिथे ‘आय’ वापरू नये. नुसतं वाचल्याने हार्डवेअरची स्थिती बदलत नाही हा समज किती फोल आहे ते वर दिसलंच. कार्डाचं डेटा पोर्ट मधेच वाचलं तर चालू असलेल्या हस्तांतराची मोजणी बिघडू शकते.

बूट होताना बायॉसही प्रिंटर पोर्ट चाचपतो, पण तेव्हा ड्रायव्हर लोड झालेला नसतो. नंतर ड्रायव्हर येऊन कार्डाला स्वतःच रीसेट करून सगळं मांडून घेतो. म्हणून रीबूटनंतर नेहमी चालायचं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. कार्ड बदललं तेव्हा दुसरंही एनई२००० जातीचं आणलं नसतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं आणि निष्कर्ष चुकला असता. थ्रीकॉमचं ३सी५०९ घ्या. ते १६ च पोर्ट घेतं. त्याला ३६० दिलं तर ते ३६एफवर संपतं, प्रिंटर पोर्टला शिवतही नाही. सगळं सुरळीत चाललं असतं आणि ‘आधीचं कार्ड खराब होतं’ असं ठरून ते कचऱ्यात गेलं असतं.

पत्ता कुठला द्यायचा

आयएसएची बहुतेक कार्डं पत्त्याचे खालचे १० बिटच पाहतात. म्हणजे एकूण १०२४ पत्ते, त्यातले खालचे २५६ मदरबोर्डचे. उरलेल्यात सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. त्यात ३२चा सलग पट्टा शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. आरएसईटी८०१९ २०० ते ३ई० असे १६ पर्याय पुढे करतो, पण त्यातले कित्येक निव्वळ सापळे आहेत. ३सी० घेतलं तर व्हीजीए. ३ई० घेतलं तर फ्लॉपी आणि पहिला सिरियल पोर्ट दोन्ही. २ई० घेतलं तर दुसरा सिरियल पोर्ट. २६० म्हणजे ३६०चीच दुसरी आवृत्ती, कारण त्याचं शेपूट २७८वर, दुसऱ्या प्रिंटर पोर्टवर पडतं. २२०वर साउंड कार्ड असण्याची शक्यता दांडगी.

३२० दिसायला मोकळं असतं, पण ते ३३एफपर्यंत जातं, आणि ३३० ही एमपीयू-४०१ मिडीची तशीच ॲडॅप्टेकच्या १५४२ स्कझी कार्डाची नेहमीची जागा. या संगणकात दोन्ही नव्हती, तरी मी ३४० निवडलं. ३४०लाही मालक आहेत, उदाहरणार्थ ॲडॅप्टेकचंच १५२० घराणं. इथे ते नव्हतं. ‘सगळीकडे चालणारा’ पत्ता आयएसएवर नसतोच. आत कोणती कार्डं आहेत ते केस उघडून बघायचं आणि प्रत्येकाचा पट्टा सुरुवातीपासून शेवटापर्यंत कागदावर मांडायचा, एवढाच मार्ग आहे.

ईएमएम३८६ आणि पॅकेट ड्रायव्हर दोन्ही न चढवता बूट केलं, आरएसईटी८०१९मध्ये ३४० आणि आयआरक्यू १० लिहिला, प्लग-अँड-प्ले बंद असल्याची खात्री केली. मग नुसता रीसेट न दाबता वीज बंद करून परत चालू केली. ऑटोएक्झेकच्या ओळीत ३६०चं ३४०. डीबगमध्ये ‘आय ३७९’: पिंग चालू. प्रोग्राम उघडला, बंद केला: पिंग चालू. प्रोग्राममधून डॉसवर येऊन फाइल पाठवली, परत मालिकेत गेलो: चालू. डी०००ची ती निरुपयोगी ओळ काढून टाकली, तेवढी वरची मेमरी मोकळी झाली, आणि पॅकेट ड्रायव्हर तिथे चढवता आला.

वेगाची शिल्लक तक्रार

बूटनंतर नेटवर्क चालायचं तेव्हाही मोठ्या फाइल्स रखडत जायच्या, असं वापरणारे सांगत होते. पत्ता बदलल्यावरही ते राहिलंच. कारण वेगळं होतं आणि पटकन सापडलं. ईईप्रॉममध्ये फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) चालू करून ठेवलेलं होतं, बहुधा ‘फुल म्हणजे जास्त वेग’ या हिशोबाने. हे कार्ड ऑटोनिगोशिएशन (वेग आणि डुप्लेक्स आपसांत ठरवणं) करत नाही, ती सोय १९९५च्या १०० मेगाबिट मानकाबरोबर आली. समोरचा स्विच नुसत्या लिंकच्या ठोक्यांवरून १० मेगाबिट ओळखतो आणि नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरतो. मग स्विच बोलत असताना कार्ड खुशाल मधे बोलतं, स्विच ती टक्कर समजून थांबतो, अर्धवट फ्रेम टाकून देतो. लहान पिंगमध्ये हे कळत नाही, कारण एका वेळी एकच बाजू बोलत असते. स्विचच्या त्या पोर्टवर उशिरा झालेल्या टकरींचा आकडा चढलेला होता. कार्ड हाफवर आणलं, आकडा थांबला, आणि फाइल्स ४८६च्या मानाने ठीक वेगाने जायला लागल्या.

आताची मांडणी अशी आहे: ॲनालॉग कार्ड ३००, नेटवर्क ३४०, प्रिंटर पोर्ट ३७८, आयआरक्यू १०, हाफ डुप्लेक्स. केसच्या आतल्या बाजूला हे आकडे प्रत्येक पट्ट्याच्या शेवटासकट लिहून चिकटवले आहेत, आणि आरएसईटी८०१९ संगणकाच्याच डिस्कवर ठेवला आहे, कारण कार्ड बदललं तर नव्याच्या ईईप्रॉममध्ये कुणी काय लिहून ठेवलंय ते आधी वाचावं लागेल. फाइल पाठवायला वापरलेला एफटीपी पासवर्ड उघडा पाठवतो, म्हणून ४८६ आणि फाइल घेणारा संगणक बाकीच्या नेटवर्कपासून वेगळ्या भागात ठेवले आहेत. फाइल पाठवायची बॅच फाइल आता पिंग करून पाहते, उत्तर आलं नाही तर टर्मिनने ड्रायव्हर काढून परत लोड करते, आणि तसं केल्याची ओळ एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल अजून रिकामी आहे.